रुग्णाशी नाते

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या अपील न्यायालयाने १७ डिसेंबर १९९१ रोजी एक निकाल दिला. त्यात न्यायमूर्ती जॅक डेव्हिस यांनी दोन बायकांच्या संसाराला ‘फॅमिली ऑफ अफिनिटी’ म्हटलं, आणि अशा कुटुंबाचा मान राखला गेला पाहिजे असंही पुढे जोडलं. या पदाचं मराठी काय करायचं, हा प्रश्न बरेच दिवस माझ्या मागे लागलेला आहे. इंग्रजी कायद्यात नाती दोन प्रकारची. रक्ताची ती ‘कॉन्सँग्विनिटी’, लग्नातून जोडलेली ती ‘अफिनिटी’. मराठीत या जोडीला शब्द तयारच आहे, सगेसोयरे. सगे रक्ताचे, सोयरे सोयरिकीतून आलेले. म्हणजे शब्दाला शब्द ठेवायचा तर ‘सोयऱ्यांचं कुटुंब’ असं करावं लागेल. पण या दोघींची सोयरीक कुणी जुळवली नव्हती, आणि त्या काळी ती कायद्याने होऊही शकत नव्हती. रोजच्या इंग्रजीत मात्र अफिनिटी म्हणजे ओढ, जवळीक, सूर जुळणं. न्यायमूर्तींच्या मनात हा दुसरा अर्थ होता, की कायद्यातला पहिला अर्थही त्यांनी जाणून तिथे राहू दिला? निकालपत्र वाचून ते ठरवता येत नाही. मला वाटतं, त्या पदाचं बळ याच संदिग्धतेत आहे.

निकाल ज्या दोघींचा होता त्यांची हकिगत आता चाळीस वर्षांपूर्वीची झाली. दवाखान्याच्या दारात समलिंगी जोडीदाराला कोण अडवतं आणि कशाच्या जोरावर, याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात याच खटल्यापासून करावी लागते.

कॅरन थॉम्पसन सेंट क्लाउड इथल्या विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवत असे. शॅरन कोवाल्स्की तिची विद्यार्थिनी, नंतर मैत्रीण, मग जोडीदार. १९७९ मध्ये दोघींनी अंगठ्या बदलल्या, एकत्र घर घेतलं. शॅरन उत्तर मिनेसोटातल्या लोहखाणींच्या मुलखात वाढलेली, खेळाडू, शाळेत खेळ शिकवणारी. तिच्या आईवडिलांना या नात्याची कल्पना नव्हती. कॅरन तर धार्मिक वळणाची, चळवळी आणि घोषणा यांपासून चार हात लांब राहणारी. आपल्या नात्याला ती नावही देत नव्हती. पुढे ज्या बाईचं नाव अमेरिकेतल्या अनेक मोर्च्यांमध्ये घेतलं गेलं, तिने १९८३ पर्यंत असल्या मोर्च्यांकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

१३ नोव्हेंबर १९८३ रोजी शॅरन भाचरांना गाडीतून घेऊन जात असताना दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या माणसाने तिला धडक दिली. चार वर्षांची भाची गेली. भाचा जखमी झाला. शॅरनच्या मेंदूच्या बुंध्याला मार बसला, हातपाय जवळजवळ निकामी झाले, बोलणं गेलं, नुकतं घडलेलं लक्षात राहीना. कॅरन हॉस्पिटलात पोचली तेव्हा ती कुणीच नव्हती. शॅरन जिवंत आहे की नाही हे सांगायलाही तिथले लोक तयार नव्हते, कारण माहिती द्यायची ती कुटुंबाला.

पुढचे काही महिने कॅरन रोज तासन्‌तास शॅरनजवळ बसली. तिचे सांधे आखडू नयेत म्हणून हातपाय हलवून देणं, तोंडाने भरवणं, बोलत राहणं. शॅरन एक बोट हलवू शकते हे लक्षात आल्यावर अक्षरांची पाटी आली, मग टाइपरायटर आला. हो-नाही, मग शब्द. शॅरनच्या आईवडिलांना मात्र कोड पडलं होतं, की ही घर भाड्याने वाटून घेणारी बाई आमच्या मुलीजवळ एवढी का असते? मानसोपचारतज्ज्ञाच्या सल्ल्याने कॅरनने त्यांना पत्र लिहून खरं काय ते सांगितलं. त्यांनी ते मानलं नाही. त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच राहिलं, की आमची मुलगी तशी नाही.

या आईवडिलांना खलनायक करणं सोपं आहे, आणि त्या काळच्या पत्रकांनी ते केलंही. पण एकाच दिवशी नात गेलेली आणि मुलगी अंथरुणाला खिळलेली अशी ती दोन म्हातारी होत चाललेली माणसं होती. त्यांनी जे केलं ते क्रूर होतं असं मला वाटतं. तरी ते त्यांनी कायदा मोडून केलं नाही, हे विसरता कामा नये. त्यांच्या हातात किल्ली दिली ती न्यायालयाने.

किल्ली म्हणजे पालकत्व. १९८४ मध्ये दोन्ही बाजूंनी शॅरनच्या पालकत्वासाठी अर्ज केले. तडजोड अशी झाली की वडील डोनाल्ड कोवाल्स्की पालक होतील, पण कॅरनला भेटीचा आणि वैद्यकीय माहितीचा हक्क राहील. जुलै १९८५ मध्ये न्यायालयाने वडिलांचे अधिकार अमर्याद केले. चोवीस तासांच्या आत त्यांनी कॅरनला भेटीची बंदी केली आणि शॅरनला आपल्या गावाजवळ, हिबिंग इथल्या नर्सिंग होममध्ये हलवलं. तेव्हापासून १९८९ उजाडेपर्यंत, साडेतीन वर्षं, दोघींची गाठ पडली नाही. शॅरनला काय हवं हे त्या काळात तिला कुणी रीतसर विचारलंही नाही. प्रौढ बाईचं म्हणणं ऐकण्याआधी ते ऐकण्याजोगं आहे का याची तपासणी लागते, आणि व्यवहारात ती पालकाच्या इच्छेवर अडली. पालकाला ती नको असेल तर झालं.

कॅरनने खटले चालवले, कर्ज काढलं, गावोगावी भाषणं केली. १९८८ मध्ये जूली आंद्र्झेयेव्हस्की हिच्याबरोबर तिने ‘व्हाय कान्ट शॅरन कोवाल्स्की कम होम?’ हे पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अनेक शहरांत शॅरनच्या सुटकेसाठी लोक मेणबत्त्या घेऊन जमले. या चळवळीत समलिंगी लोकांच्या जोडीने अपंगांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटना होत्या, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ‘हिला प्रेम कुणावर करायचं ते कळतं’ आणि ‘हिला स्वतःचं मत आहे’ ही दोन म्हणणी मुळात एकच आहेत हे त्यांनी ओळखलं. १९८८ मध्येच न्यायाधीशांनी शॅरनच्या क्षमतेच्या तपासणीचा हुकूम दिला. तिला डुलुथच्या पुनर्वसन केंद्रात आणलं गेलं आणि १९८९ च्या सुरुवातीला कॅरन तिला पुन्हा भेटली. कुणाशी राहायचं असं विचारल्यावर शॅरन सतत एकच उत्तर देत राहिली: घरी, सेंट क्लाउडला, कॅरनबरोबर.

वडिलांनी स्वतःच्या आजारपणामुळे पालकत्व सोडायचं ठरवलं तरी प्रश्न सुटला नाही. एप्रिल १९९१ मध्ये खालच्या न्यायालयाने कॅरनचा अर्ज बाजूला ठेवून शॅरनच्या माहेरच्या ओळखीतल्या एका बाईंना तटस्थ म्हणून पालक नेमलं. (‘माहेर’ लिहिलं खरं, पण या शब्दाला पलीकडे सासर लागतं. भाषा सवयीने चालते.) न्यायाधीशांच्या मते कॅरनने नातं उघड केलं हाच शॅरनच्या खासगीपणाचा भंग होता. शिवाय मधल्या वर्षांत कॅरनच्या आयुष्यात इतर कुणी आलं होतं, याचीही नोंद झाली. अपील न्यायालयाने हे सगळं खोडून काढलं. डॉक्टर आणि थेरपिस्ट मिळून सोळाएक जणांच्या साक्षी झाल्या होत्या. शॅरनला आपली पसंती सांगता येते आणि तिची काळजी कॅरनइतकी कुणी घेऊ शकत नाही, हे त्यांतून सिद्ध होतं, असं म्हणत न्यायालयाने पालकत्व कॅरनला दिलं. अपघाताला तेव्हा आठ वर्षं उलटून गेली होती. कॅरनने चाकाची खुर्ची फिरेल असं घर बांधून घेतलं होतं. त्या घरात पुढे कॅरनची दुसरी जोडीदारही राहायला आली आणि तिघींनी मिळून संसार केला. आदर्श प्रेमकथा शोधणाऱ्यांची इथे जरा पंचाईत होते. मला ही हकिगत यामुळेच जास्त खरी वाटते.

शॅरनच्या अपघाताआधी चारच महिने, जुलै १९८३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्को जनरल हॉस्पिटलात ‘फाइव्ह बी’ नावाचा एड्सच्या रुग्णांसाठीचा बारा खाटांचा वॉर्ड उघडला होता. तो उभा केला क्लिफ मॉरिसन या परिचारकाने. तिथे रुग्णाचं कुटुंब कोण हे रुग्ण सांगत असे. तो म्हणेल तो आत, तो म्हणेल तो रात्री उशाशी. त्यासाठी नवा कायदा लागला नाही, एका वॉर्डातल्या परिचारिकांनी ठरवलं एवढंच. बाकी ठिकाणी त्याच वर्षांत शेकडो तरुण मरत होते, आणि दहा-दहा वर्षं तोंड न पाहिलेले आईवडील शेवटच्या आठवड्यात येऊन जोडीदाराला बाहेर काढत होते, घराला कुलूप लावत होते. त्या भीतीतून कागदांची एक सवय लागली. १९८३ सालीच कॅलिफोर्नियाने आरोग्याच्या निर्णयांसाठी कायमस्वरूपी मुखत्यारपत्राचा कायदा केला होता. हा कायदा मुळात म्हाताऱ्या, असाध्य आजारी लोकांचा विचार करून झालेला. समलिंगी जोडप्यांनी तो उचलला. शॅरनच्या खटल्यानंतर तर वकील, कार्यकर्ते, वर्तमानपत्रं सगळे एकच सांगू लागले, की आजच सही करून ठेवा.

कागद असूनही काय होतं, ते १८ फेब्रुवारी २००७ रोजी मायामीत दिसलं. जॅनिस लँगबेन आणि लिसा पाँड या सतरा-अठरा वर्षं एकत्र राहणाऱ्या दोघी तीन मुलांना घेऊन समुद्रसफरीवर निघाल्या होत्या. बोट सुटायच्या आधीच लिसा कोसळली. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. पुढे दाखल झालेल्या दाव्यात म्हटलं होतं, की ट्रॉमा सेंटरमधल्या समाजसेवकाने जॅनिसला सांगितलं, हे शहर आणि हे राज्य समलिंगी लोकांच्या विरोधातलं आहे. जॅनिसने घरी फोन करून मुखत्यारपत्र फॅक्सने मागवलं. ते आलं. तरी जवळजवळ आठ तास ती आणि मुलं बाहेर बसून राहिली. मध्ये पाद्री अंतिम विधीला आला तेव्हा पाच मिनिटं काय ती आत गेली. लिसाची बहीण आली, तिला मात्र लगेच सोडलं. दुसऱ्या दिवशी लिसा गेली. हॉस्पिटलने भेदभावाचा आरोप नाकारला. सप्टेंबर २००९ मध्ये केंद्रीय न्यायालयाने दावा फेटाळला, आणि तो फेटाळण्याचं कारण मला आरोपापेक्षा जास्त बोचतं: रुग्णाला भेटायला कुणालाही आत सोडण्याचं बंधन हॉस्पिटलवर कायद्याने नाहीच. नवऱ्यालाही नाही, आईलाही नाही. आईला सोडतात तो रिवाज. म्हणजे इतकी वर्षं ज्याला सगळे हक्क समजत होते ती सभ्यता होती, आणि सभ्यता कुणाशी दाखवायची हे दारावरचा माणूस ठरवत होता.

१५ एप्रिल २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी आरोग्य खात्याला लेखी सूचना दिली आणि त्याच संध्याकाळी विमानातून जॅनिसला फोन केला. सूचनेतून झालेला नियम १८ जानेवारी २०११ पासून लागू झाला. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. तो फौजदारी कायदा नाही, समलिंगी विवाहाला तो हातही लावत नाही. अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक हॉस्पिटलला ज्येष्ठांसाठीच्या ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठीच्या ‘मेडिकेड’ या सरकारी योजनांतून पैसा मिळतो. तो हवा असेल तर रुग्णाला सांगा, की तुझे भेटीला येणारे तू ठरव: जोडीदार, समलिंगी जोडीदार, नातेवाईक, मित्र. आणि ठरवलेलं नाव तू केव्हाही बदलू शकतोस. त्या सूचनेत मूलबाळ नसलेल्या विधवा-विधुरांचा उल्लेख आहे, ज्यांना जवळच्या मित्राची सोबत नाकारली जाते. धर्मसंघांत राहणाऱ्यांचाही आहे, ज्यांचे सांगाती रक्ताचे नसतात. जोडप्यांसाठी मागितलेला हक्क एकट्यांनाही मिळून गेला. २०१५ मध्ये विवाहाचा हक्क देणारा निकाल आला तेव्हा त्यात हॉस्पिटलातला प्रवेश विवाहाच्या लाभांमध्ये मोजला गेला. तो निकाल मोठाच. पण दाराच्या प्रश्नापुरतं बोलायचं तर २०११ चा रुक्ष नियम मला अधिक उदार वाटतो, कारण त्यात ‘मित्र’ हा शब्द आहे.

आता आपल्याकडे. आपल्या दवाखान्यात पहिला प्रश्न वेगळा असतो: “पेशंटबरोबर कोण आहे?” औषधं आणायला, रक्ताची बाटली मिळवायला, काउंटरवर पैसे भरायला, रात्री खाटेखाली सतरंजी टाकून झोपायला माणूस लागतो. जो हे करतो त्याला नात्याचा दाखला कुणी मागत नाही. मिनेसोटात कॅरनला जे दार बंद झालं ते इथे सहसा उघडंच असतं, कारण ते बंद ठेवणं दवाखान्याला परवडत नाही. अडतं ते सहीपाशी, अतिदक्षता विभागाच्या एका पासापाशी, गावाकडून सख्खा भाऊ येऊन पोचतो त्या घटकेला, आणि शेवटी शवागारापाशी. माझ्या ओळखीतल्या दोघी एकत्र राहायला लागल्यापासून दवाखान्याच्या प्रत्येक अर्जावर एकमेकींच्या मावसबहिणी आहेत. मावसबहीणच का, असं मी विचारलं. सख्खी म्हटलं तर आडनाव जुळत नाही, मैत्रीण म्हटलं तर ‘घरचं कुणी नाही का’ असं विचारतात. मावसबहिणीचं आडनाव कुठलंही चालतं.

गंमत अशी की प्रौढ, शुद्धीवर असलेल्या माणसाच्या उपचारांना संमती त्याची स्वतःचीच लागते. जानेवारी २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं. प्रौढ रुग्ण तात्पुरती भुलीखाली असताना आईने दिलेली परवानगी न्यायालयाने वैध मानली नाही. तरीही अर्जावर ‘नातेवाईकाची सही’ हा रकाना आहेच, आणि तो भरल्याशिवाय ट्रॉली पुढे सरकत नाही. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्याने ‘जवळचे नातेवाईक’ एकेक करून मोजले: नवरा-बायको, मुलगा-मुलगी, आईवडील, भाऊ-बहीण, २०११ च्या दुरुस्तीने आजीआजोबा आणि नातवंडं जोडली. बाकीच्यांना समितीपुढे जाऊन सिद्ध करावं लागतं, की आपण हे स्नेहापोटी किंवा जिव्हाळ्यापोटी करतो आहोत. कायद्यात असे शब्द सापडले की मी थबकते. पण इथे जिव्हाळा हा पुराव्याचा विषय आहे, रक्त नाही.

सगळ्यांत पुढे गेला तो २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. त्याच्या चौदाव्या कलमानुसार कोणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते. स्टँप नको, नातं नको. शॅरनने ऑक्टोबर १९८३ मध्ये असा एक कागद लिहिला असता आणि तिथे असा कायदा असता, तर आठ वर्षं वाचली असती. आपल्याकडे हा कायदा मनाच्या आजारापुरता आहे. मन सोडून बाकी शरीराला तो लागू नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ च्या विवाहविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला नाही, हे सर्वांना आठवतं. सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या अल्पमतातल्या निकालपत्रात मात्र सरकारी समितीने काय पाहावं याची यादी आहे: शिधापत्रिका, बँकेतलं संयुक्त खातं, मरणासन्न रुग्णाबाबत डॉक्टरांनी सल्लामसलत करताना जोडीदाराला कुटुंब मानणं, तुरुंगातली भेट, मृतदेहाचा ताबा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवलं, त्यात मृतदेहावर जोडीदाराला हक्क सांगता यावा असं आहे. पण केव्हा, तर जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा. भाषांतर करताना ‘उपलब्ध नसतील’ यावर माझं बोट अडकलं. कॅरनच्या बाबतीत नातेवाईक उपलब्ध होते, तीच तर अडचण होती. २२ मे २०२५ रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, घरच्यांनी डांबून ठेवलेल्या एका तरुणीला तिच्या मैत्रिणीकडे जाऊ देताना म्हटलं, की कुटुंब उभं करायला लग्न हा एकच मार्ग नाही. निवडलेलं कुटुंब हे पद तिथे भारतीय निकालपत्रात आलं. मिनेसोटाच्या ‘अफिनिटी’ची धाकटी बहीण शोभावी असं ते पद आहे. इथे मात्र लग्नाची छाया नाही, निवड सरळ आहे.

मागच्या वर्षी एका छोट्या गटाने जोडप्यांसाठी तयार केलेल्या वैद्यकीय मुखत्यारपत्राचा मराठी मसुदा करून द्यायला मला सांगितलं. ‘नातेवाईक’ हा शब्द टाळायचा होता. ‘सोयरा’ मी सोडून दिला. संतांनी तो झाडापाखरांपर्यंत नेला असला तरी अलीकडे महाराष्ट्रात ‘सगेसोयरे’ची व्याख्या सरकारी अधिसूचनेच्या मसुद्यात गेली आणि शब्दाला जातीच्या दाखल्याचा वास लागला. मी ‘आप्त’ सुचवला. मराठीत आप्त म्हणजे नातलग, पण न्यायदर्शनात आप्त तो, ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा. रक्ताशी त्याचा संबंध नाही. गटातल्या वकील बाईंनी तो लगेच खोडला. म्हणाल्या, “ताई, रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतला डॉक्टर न्यायदर्शन वाचलेला नसणार. त्याला एका नजरेत कळलं पाहिजे.” शेवटी छापलं ते असं: ‘माझ्या वतीने निर्णय घेण्यासाठी मी नेमलेली व्यक्ती’, त्याखाली नाव, पत्ता, फोन नंबर. ‘रुग्णाशी नाते’ हा रकाना ठेवायचा की नाही यावर अर्धा तास वाद झाला. ठेवला, कारण तो रिकामा दिसला तर दवाखान्यातलं माणूस स्वतःच्या हाताने भरतं.